चमत्काराची प्रतीक्षा आणि ईश्वरी योजना
(पाचगणी व मिरज येथील क्षयरोग्यांच्या इतिहासावरून)



महोत्सवाच्या स्मरणिकेत मंदिराची पायाभरणी, धर्मगुरूंची नामावली, शाळा व बाप्तिस्म्यांची संख्या यांचा वृत्तांत द्यावा अशी रीत आहे, व ती योग्यच होय. परंतु प्रत्येक धर्मग्रामाचा आणखी एक इतिहास असतो. तो कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. वर्षानुवर्षे केलेल्या नोव्हेना, रात्ररात्र जपलेल्या जपमाळा, आणि तरीही उठून न बसलेले रोगी, यांचा तो इतिहास होय. ईश्वराने आमचे का ऐकले नाही, हा प्रश्न ज्या घरात विचारला गेला नाही असे घर आपल्यात विरळा. त्या प्रश्नाचा विचार आपल्याच सातारा व सांगली जिल्ह्यांतील दोन गावांच्या आधारे करण्याचे येथे योजिले आहे.

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे गाव समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. महाबळेश्वराचा प्रचंड पाऊस येथवर पोहोचेपर्यंत पुष्कळच ओसरतो; म्हणून येथील हवा थंड असूनही त्या मानाने कोरडी असते. क्षयरोग्यांस अशी हवा मानवते असा वैद्यांचा त्या काळी दृढ समज होता. त्यावरून डॉ. बिलिमोरिया या पारशी गृहस्थांनी १९१२ साली तेथे 'बेल एअर' हे आरोग्यधाम स्थापिले. दुसरे गाव सांगली जिल्ह्यातील मिरज. तेथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे, म्हणजे आपल्या विभक्त बंधूंपैकी होते. पुढे त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र आरोग्यधाम झाले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरदूरचे रोगी तेथे येत.

या आरोग्यधामांत रोग्यांस काय मिळे, हे आजच्या तरुणांस ठाऊक नसेल. रोगाचे कारण असलेला जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिला होता. परंतु शत्रू ओळखला तरी त्यास मारण्याचे शस्त्र पुढील साठ वर्षे कोणाच्याही हाती नव्हते. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, दूध, अंडी, माशाचे तेल, हेच औषध. काहींच्या छातीत सुईने हवा भरून बिघडलेले फुप्फुस काही काळ निजवीत. काहींच्या बरगड्या काढीत. रोगी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, व्हरांड्यातील खाटेवर पडून राही. काही बरे होऊन घरी जात. पुष्कळ जात नसत. ज्यांचा विश्वास होता ते प्रार्थना करीत, व त्यांच्यासाठी घरची माणसे प्रार्थना करीत. चमत्काराची प्रतीक्षा म्हणजे काय, हे या खाटांवर पडलेल्यांइतके क्वचितच कोणास कळले असेल.

मग १९४३ साली, महायुद्ध पेटलेले असता, अमेरिकेतील न्यू जर्सी येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकास स्ट्रेप्टोमायसिन हे औषध गवसले. ते कोठे सापडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शेणखत घातलेल्या शेतातील मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवापासून ते मिळाले. जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्यास सांगून, प्रभूने औषधे भूमीतून निर्माण केली आहेत असा बोध केला आहे. तो बोध इतक्या शब्दशः खरा ठरेल असे कोणास वाटले असेल? माणूस आकाशाकडे पाहून मागत होता, आणि देणगी त्याच्या पायाखालच्या मातीत होती.

तथापि या औषधानेही धीर धरावयास शिकविले. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू लवकरच दाद देईनासे झाले. १९५२ साली आयसोनियाझिड आले, आणि अनेक औषधे एकत्र व दीर्घकाळ दिल्यास रोग समूळ जातो हे सिद्ध झाले. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगाने तर असे दाखविले की, औषध नियमित घेतल्यास गरीब रोगी आपल्या झोपडीतही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो. पुढे पुण्याजवळील पिंपरीच्या सरकारी कारखान्यातही स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. तो टाळून चालणार नाही. १९४० साली मरण पावलेला रोगी आणि १९५५ साली बरा होऊन घरी गेलेला रोगी, यांच्या श्रद्धेत काय अंतर होते? काहीच नाही. पहिल्याची प्रार्थना उणी होती, अथवा त्याचे पाप अधिक होते, असे म्हणणे हा मृतावर अन्याय आणि ईश्वराची निंदा होय. ईयोबाच्या मित्रांनी हीच चूक केली व ते दोषी ठरले. लूर्दची संत बर्नादेत हिचे उदाहरण पाहा. १८५८ साली पवित्र मरियेने तिला दर्शन दिले. तिने दाखविलेल्या झऱ्यावर असंख्य रोगी गेले. आणि ती स्वतः व्याधीने जर्जर होऊन १८७९ साली, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, मठात मरण पावली. बाळ येशूची संत तेरेजा १८९७ साली क्षयानेच, २४ व्या वर्षी, गेली. व जी मठाबाहेर पडली नाही तिलाच १९२७ साली ख्रिस्तसभेने मिशनांची आश्रयदात्री केले. बरे न होणे म्हणजे अव्हेरले जाणे नव्हे, याची याहून मोठी साक्ष कोणती?

यावरून चमत्कार होत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. लूर्द येथे रोगमुक्तीच्या सात हजारांहून अधिक घटना नोंदविल्या गेल्या. डॉक्टरांच्या कसून परीक्षेनंतर ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केल्या त्या सुमारे सत्तर. चमत्कार ही ईश्वराची मुक्त देणगी आहे. तो आपल्या भक्तीचा मोबदला नव्हे. लाजारस आजारी असल्याचे कळूनही प्रभू येशू दोन दिवस तेथेच थांबला, आणि बेथानीस पोहोचला तेव्हा मित्रास कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. तो का थांबला, हे मार्था व मरिया यांना त्या चार दिवसांत कोणी सांगितले नाही. परंतु जो उशिरा आला तोच कबरेपाशी रडला, हे आपण विसरू नये. आपल्या दुःखाचे कारण आपणास कळेलच असे नाही. आपल्या दुःखात कोण आहे, हे मात्र कळते.

प्रतीक्षेच्या त्या काळात पाचगणीस व मिरजेस लोक स्वस्थ बसले नाहीत, हा या इतिहासाचा मुख्य बोध होय. औषध नव्हते तेव्हाही कोणी खाटा मांडल्या, कोणी थुंकीची भांडी उकळली, कोणी संसर्गाचे भय न बाळगता रोग्याच्या उशाशी बसले. त्यांत पारशी होते, प्रॉटेस्टंट होते, हिंदू होते, आपलेही होते. ईश्वर आपली योजना आपल्याच माणसांच्या हातून पुरी करतो असे नाही. आणि पुढे एचआयव्हीचा रोग आला व त्यावरही प्रारंभी उपाय नव्हता, तेव्हा रेडक्रॉसच्या व्यवस्थेखाली आलेल्या त्याच बेल एअरने त्या रोग्यांस आसरा दिला. प्रतीक्षा करणाऱ्यांनी मांडलेल्या खाटा दुसऱ्या पिढीच्या उपयोगी पडल्या.

म्हणून, प्रिय वाचकहो, दोन गोष्टींची विनंती करून हा लेख संपवितो. क्षयाचा उपचार आज साधारणतः सहा महिन्यांचा आहे. खोकला थांबला, अथवा नवस फेडून आलो, म्हणून गोळ्या मध्येच सोडणे ही श्रद्धा नव्हे. ज्यांना त्या गोळ्या पाहावयास मिळाल्या नाहीत त्यांच्या प्रतीक्षेचा तो अनादर होय. आणि महोत्सवाच्या मिस्साबलिदानात, धर्मग्राम उभारणाऱ्यांची नावे घेताना, ज्यांच्या प्रार्थनेचे फळ त्यांच्या डोळ्यांदेखत आले नाही अशा आपल्या मृतांचेही स्मरण करा. पुनरुत्थानाच्या दिवशी त्यांची प्रतीक्षा पुरी होईल अशी आपली श्रद्धा आहे; तोवर रोग्याच्या उशाशी बसण्याचे त्यांनी अर्धे टाकलेले काम आपल्याकडे आहे.