सह्याद्रीच्या माथ्यावरील म्हैस आणि गवळी धनगरांची जाण

सह्याद्रीच्या माथ्यावर मोजक्या घरांचे विखुरलेले धनगरवाडे करून राहणारे गवळी धनगर हे मेंढपाळ हटकर धनगरांहून वेगळे असून त्यांची उपजीविका प्रामुख्याने म्हशीवर उभी होती. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या व्यवस्थेचे चित्र स्पष्ट झाले आहे : खोऱ्यातील कुणबी शेती करीत, माथ्यावरील गवळी जनावरे राखीत आणि लोण्या-तुपाच्या मोबदल्यात धान्य मिळवीत. दूध घाट उतरेपर्यंत नासण्याची भीती असे, तर कढवून पाण्याचा अंश काढलेले तूप दीर्घकाळ टिके. म्हणून दूध विरजून, घुसळून ताक घरी ठेवायचे आणि लोणी-तूप बाजाराला न्यायचे, ही रीत त्या भूगोलातूनच घडली होती.

जनावरांच्या निगेचे ज्ञानही असेच परिसराशी बांधलेले होते. म्हशीच्या कातडीत घर्मग्रंथी कमी असल्याने तिला ऊन सोसवत नाही, यासाठी उन्हाळ्यात चराईची वाट पाणवठ्याच्या आणि दाट सावलीच्या आधाराने ठरे; पावसाळ्यात मात्र माणसांच्याच छपराखाली जनावरे बांधून, धूर करून माश्या-डासांपासून त्यांचे रक्षण केले जाई. सर्वांत कसोटीची बाब माज ओळखण्याची होती. म्हशीचा माज अनेकदा मुका असतो, म्हणजे गायीप्रमाणे उघड लक्षणे न दाखवता तो निघून जातो आणि एक खेप वाया जाते. अशा वेळी दुधात अचानक पडलेली घट, अधूनमधून रेकणे, सोट म्हणजे योनिमार्गातून गळणारा चिकट स्राव, यांसारख्या बारीक खुणा रोज धार काढणाऱ्या व्यक्तीच्याच ध्यानात येत. पारड्याला आधी पाजून म्हशीला पान्हा सोडायला लावण्याच्या पद्धतीमागील संप्रेरकाचे कार्य आधुनिक शरीरशास्त्राने पुढे उलगडले. तिचा उपयोग मात्र पशुपालकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता.

औषधोपचारांची गोष्ट इतकी सरळ नाही. व्यायल्यानंतर जार, म्हणजे गर्भवेष्टन, पडावी म्हणून बांबूचा पाला चारणे किंवा जखमेवर करंजाचे तेल लावणे यांसारखे ग्रामीण महाराष्ट्रात रूढ असलेले उपाय शास्त्रीय कसोटीवर तपासण्याजोगे आहेत. तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा मात्र जनावराला निव्वळ यातना देणारी होती आणि परंपरेच्या नावाखाली तिचे समर्थन होऊ शकत नाही. बुळकांडीसारख्या साथीपुढे तर हे सारे उपाय थिटे पडत. तो रोग लसीकरणानेच हटला आणि २०११ मध्ये जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

या ज्ञानाची पीछेहाट मुख्यतः चराईची भूमी हातची गेल्यामुळे झाली. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांचा विस्तार होत गेला, १९६० च्या दशकात कोयनेच्या जलाशयाने खोरे व्यापले आणि १९८५ मध्ये कोयना व चांदोली ही अभयारण्ये घोषित झाली. त्यामुळे अनेक वाडे उठले आणि पाणवठे, चारा, झाडपाला यांची माहिती वापरावी अशी जागाच उरली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा आणि पारंपरिक ज्ञानाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे; परंतु अनुसूचित जमातीत नसलेल्या वननिवासींना त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते.