पार्सल-खर्च (लघुउद्योगातील)

तयार माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत विक्रेत्याला येणारा एकूण खर्च. कुरिअरचे किंवा टपालाचे भाडे हा त्याचा ठळक भाग. खोके, टेप, बबल रॅप, इंधन-अधिभार, कुरिअर सेवेवरील १८ टक्के जीएसटी, सीओडीचे शुल्क आणि परत आलेल्या मालाचे भाडे हेही त्यातच धरावे लागतात. घरगुती धंद्यात हिशेब बहुतेक वेळा भाड्यापाशीच थांबतो आणि नफा गळतो तो उरलेल्या रकमांतून.

भाडे वजनावर ठरते, पण ते वजन काट्यावरचेच असेल असे नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला सहसा ५००० ने भागतात. येणारा आकडा म्हणजे किलोतले आकारमानी वजन. काट्यावरचे वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर आकारणी होते. विमानातली किंवा ट्रकमधली जागाही भाड्याने दिली जाते, हे त्यामागचे कारण. अमेरिकेत जमिनीवरून जाणाऱ्या लहान पार्सलांना पूर्वी यातून सूट होती. तिथल्या दोन बड्या कंपन्यांनी २०१५ च्या दरांपासून तीही काढून घेतली.

खानदेशातल्या बचत गटांच्या कुरडया या नियमात पुरत्या सापडतात. एक किलो कुरडया ४० × ३० × २० सेंमीच्या खोक्यात भरल्या, तर आकारमानी वजन ४.८ किलो होते आणि भाडे पाच किलोचे पडते. तोच माल ३५ × २५ × १५ च्या खोक्यात बसला, तर वजन २.६ किलोवर येते आणि आकारणी तीन किलोची होते. मात्र कुरडया दाबून भरल्या की चुरा होतो. म्हणून खरा उपाय सोऱ्यापाशीच आहे: पाठवायच्या कुरडया लहान आणि एका मापाच्या पाडायच्या, म्हणजे त्या एकावर एक नीट बसतात. बाजारात मिळेल ते खोके आणून उरलेल्या जागेत कागदाचे बोळे कोंबणे हा सर्वांत महागडा मार्ग. बेसनाचे लाडू, चिक्की, पैठणी असा वजनदार, आटोपशीर माल असणाऱ्यांना ही अडचण फारशी येत नाही.

दर सहसा अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतात. ५१० ग्रॅमचे पाकीट एक किलोच्या दराने जाते, म्हणून अर्धा किलो मालाऐवजी ४५० ग्रॅमचे पाकीट काढणे शहाणपणाचे. कंपन्या आपल्या केंद्रात यंत्रावर पुन्हा मोजमाप घेतात आणि फरक मागाहून खात्यातून वळता करतात. त्यावर हरकत घ्यायची मुदत थोडी असते. बंद खोक्याचा काट्यावरचा आणि मोजपट्टी लावलेला फोटो जपलेला असेल, तरच हरकत टिकते.

सर्वांत जड बोजा परतीचा. समजा, दहा पार्सलांना प्रत्येकी ८० रुपये भाडे आणि १५ रुपये बांधणी लागली, आणि त्यांतली दोन परत येताना प्रत्येकी ७० रुपये घेऊन गेली. एकूण खर्च १,०९० रुपये झाला आणि माल पोचला आठच ठिकाणी. दर पार्सलाचा खर्च ९५ नव्हे, १३६ रुपये पडला. परतलेल्या कुरडयांचा चुरा यात धरलेलाच नाही. आगाऊ यूपीआयने पैसे भरणाऱ्यास थोडी सवलत देणे आणि सीओडीची ऑर्डर फोन करून पक्की करणे, या दोन्ही गोष्टी परतीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतात. पैसे देऊन माल सोडवण्याची पद्धत तशी जुनीच. मराठी प्रकाशकांनी टपालाच्या व्ही.पी.वर वर्षानुवर्षे पुस्तके विकली, आणि न सोडवलेली पाकिटे त्यांच्याकडेही परत येत.

एकाच कुरिअरवर विसंबू नये. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. तिचे आरंभीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. लहान प्रकाशकाने ही सोय सोडू नये. राज्यातल्या राज्यात मोठा नग पाठवायचा तर एसटीची पार्सल सेवाही विचारात घ्यावी, मात्र माल स्थानकावरून नेण्याची गिऱ्हाइकाची तयारी हवी. जीएसटीखाली नियमित नोंदणी असलेल्यांना कुरिअरवर भरलेल्या कराची वजावट मिळते. नोंदणी नसलेल्यांना तो खर्चातच धरावा लागतो.

हा सगळा खर्च दरमहा पोचलेल्या पार्सलांच्या संख्येने भागून पाहावा आणि मगच दर ठरवावेत. मोफत डिलिव्हरी द्यायचीच असेल तर ती किमान ऑर्डरच्या रकमेवर द्यावी. अर्ध्या किलोच्या एकट्या पाकिटावर ती घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्याला परवडत नाही.