फळी, ओसरी आणि कलम 380
माजलगावात आजोबा त्यांची राजदूत रोज रात्री फळीवरून ओसरीत चढवायचे, मग दाराला अडसर. मला वाटायचं, उगाच घाबरतात. मागच्या वर्षी मी माझी गाडी नुसतं हँडललॉक लावून अंगणात ठेवली. सकाळी गायब! हप्ते अजून चालूच होते.

मग जुना कायदा चाळला. 1860 ची भारतीय दंडसंहिता: साधी चोरी, कलम 379, तीन वर्षांपर्यंत कैद, राहत्या घरातली चोरी, कलम 380, सात वर्षांपर्यंत. म्हणजे उंबरठ्याची किंमत चार वर्षं! 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली, घरातल्या चोरीला सात वर्षं मात्र कायम.

पण कायदा चोरीनंतर येतो, आणि हँडल लॉक असलं तरी दोघं गाडी उचलून नेतात. आता मागच्या चाकातून साखळी, ती ओसरीच्या खांबाला. आजोबांची फळी माळ्यावर सापडली.