स्टनिंग : रूपाचा गडगडाट

‘स्टनिंग’ हे विशेषण आज सूर्यास्तालाही लागतं आणि वधूच्या शालूलाही. त्याच्या मुळाशी मात्र रूप नाही, गडगडाट आहे. ‘स्टन’ म्हणजे फटक्याने बधिर करणं. जुन्या फ्रेंचमार्गे मागे गेलं, की हा शब्द लॅटिनच्या ‘तोनारे’ म्हणजे गडगडणे या क्रियापदाशी पोचतो. संस्कृतातलं ‘स्तनित’, मेघांची गर्जना, त्याच कुळातलं. ‘देखणं’ हा अर्थ इंग्रजीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात.

चिनी विद्यार्थ्याला हा शब्द परका वाटू नये, कारण त्याच्यापाशी ‘जिंग-येन’ आहे. ‘येन’ म्हणजे झळाळतं रूप, ‘जिंग’ म्हणजे दचकणं. ‘जिंग’च्या पारंपरिक चिन्हात खाली चक्क घोडा आहे! श्यू शेनने इसवी सन 100च्या सुमारास सिद्ध केलेल्या कोशात त्याचा अर्थच घोडा बुजणे असा आहे. सोप्या केलेल्या लिपीत घोडा गेला आणि मनाचं चिन्ह आलं.

रूप पाहून मासे पाण्यात बुडी मारतात, अशीही चिनीत स्तुती आहे. तिचं मूळ ‘च्वांग्त्स’ या प्राचीन ग्रंथात. तिथे मात्र माशांना माणसांचं सौंदर्य कळतच नाही, ते घाबरून पळतात! पुढच्या पिढ्यांनी त्या भीतीचीच प्रशंसा केली. अर्थाचं इतकं सुंदर वळण क्वचितच सापडतं.

अडचण येते ती वापरात. चिनीत ‘हन जिंग-येन’, म्हणजे ‘फार जिंग-येन’, सहज चालतं; म्हणून विद्यार्थी ‘व्हेरी स्टनिंग’ म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘स्टनिंग’मध्ये ‘फार’ आधीच भरलेलं आहे; जोर द्यायचाच तर ‘ॲब्सोल्यूटली स्टनिंग’ म्हणावं.