दुसऱ्या वैद्याचे मत

घरात दीर्घ दुखणे शिरले म्हणजे दोन प्रकारची कुटुंबे दृष्टीस पडतात. पहिल्या प्रकारच्या कुटुंबात वैद्याचा शब्द वेदवाक्य ठरतो आणि दुसऱ्याचे नाव काढणे हा कृतघ्नपणा समजला जातो. दुसऱ्या प्रकारच्या कुटुंबात दर आठवड्यास औषध बदलते, दर पंधरवड्यास वैद्य बदलतो, आणि आधीच्याने काय केले हे नंतरच्यास कोणी सांगत नाही. वस्तुतः या दोहोंपैकी कोणासही दुसऱ्या वैद्याचे मत मिळत नाही. पहिल्यास ते नको असते. दुसऱ्यास मतापेक्षा धीर हवा असतो. रोगी जर स्वतःचा पती किंवा पत्नी असेल, तर शुश्रूषा करणाऱ्याची कुचंबणा अधिकच वाढते. मायेने माणूस घाबरा होतो, आणि निर्णय तर त्यालाच करावा लागतो. ही कुचंबणा आपल्या महाराष्ट्रात पूर्वी कोणत्या स्वरूपाची होती, व तिच्यापासून आज काय शिकण्याजोगे आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभ भोर-वेल्ह्याच्या मुलखापासून करू. वेल्ह्याच्या डोंगरांतील राजगडावर इ. स. १६५९ च्या सप्टेंबरात शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई निवर्तल्या. फलटणच्या निंबाळकरांची ही कन्या. १६५७ च्या मे महिन्यात पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, आणि बाळास दूध पाजण्यासाठी भोरच्या बाजूच्या कापूरहोळ गावची धाराऊ गाडे हिला आणावे लागले, हे प्रसिद्धच आहे. सईबाईंच्या अखेरच्या दिवसांत महाराज अफझलखानाच्या स्वारीला तोंड देण्यासाठी जावळीच्या रानात गुंतलेले होते. तो प्रसंग दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबर रोजी, प्रतापगडाखाली निकालात निघाला. आपल्या जुन्या शकावल्यांचे व बखरींचे लक्ष लढाया आणि तह यांकडे. अंतःपुरातील दुखण्याला त्यांत फार तर मृत्यूच्या तिथीएवढी जागा. गडावर त्या काळी जे उपचार झाले असतील ते गडावर असलेल्या माणसांच्या ज्ञानाइतकेच. दुसरा जाणता आणावयाचा तर डोंगर उतरून, दिवसांचा प्रवास करून आणावयाचा, आणि तोही शत्रू चालून येत असता! दुसऱ्या मताची पहिली अडचण ही अशी अंतराची आहे.

परंतु अंतर हीच काही एक अडचण नव्हे. आपल्या प्राचीन वैद्यकात या विषयाचा विचार किती सूक्ष्म झाला होता, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि शुचिता हे गुण हवेत. आणि रोग्याच्या गुणांत आपली व्यथा नीट सांगता येणे हाही एक गुण धरला आहे. म्हणजे रोगी हा केवळ औषध गिळणारा नव्हे, तो साक्षीदारही आहे. पुढे विमानस्थानात त्याच शास्त्रातील जाणत्यांनी परस्परांशी करावयाच्या चर्चेचे, म्हणजे तद्विद्यसंभाषेचे, विवेचन आहे. ही संभाषा दोन प्रकारची: मित्रभावाने केलेली ती संधाय आणि जिंकण्यासाठी केलेली ती विगृह्य. दुसऱ्या वैद्यास बोलाविणाऱ्या कुटुंबाने हा भेद ध्यानात ठेवावा. रोग्याच्या खाटेजवळ पहिली उपकारक होते. दुसरीत जय कोणाचाही होवो, हानी रोग्याचीच.

हाताशी सत्ता व संपत्ती असली म्हणजे ही अडचण सुटते काय? थोरले माधवराव पेशवे यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. राजयक्ष्म्याने शरीर पोखरले तेव्हा १७७० मध्ये कर्नाटकची मोहीम त्र्यंबकराव पेठे यांच्या स्वाधीन करून त्यांना परतावे लागले. शेवटचे दिवस थेऊरास चिंतामणीच्या सान्निध्यात गेले, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. रमाबाई सती गेल्या. हिंदुस्थानात ज्याच्या नावाचा दरारा, त्याला वैद्यांचा तोटा पडण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या व्याधीवर त्या युगात इलाज नव्हता, तिच्यावर एक काय आणि दहा काय, वैद्यांच्या संख्येने फरक पडत नसे. अधिक मते म्हणजे अधिक आयुष्य, हे समीकरण खरे नव्हे.

तरीही दुसऱ्या मताचे मोल शून्य ठरत नाही. हे समजण्यासाठी त्याच व्याधीचे एक शतकानंतरचे उदाहरण घेऊ. डॉ. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागा त्यांच्यासाठी निश्चित झाली होती. परंतु प्रकृती ढासळत गेली. पती गोपाळराव त्यांना घेऊन त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईस उतरले. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, त्यांची प्राणज्योत मालवली. अमेरिकेत पाश्चात्त्य वैद्यक, पुण्यात देशी वैद्याचे उपचार, असा हा क्रम होता. रोगी स्वतः विद्याविभूषित वैद्य, आणि शेजारी हट्टी पण पत्नीच्या विद्येसाठी जन्म पणास लावलेला पती!

येथे पाहण्याजोगी गोष्ट ही, की दोन शास्त्रे एकापाठोपाठ आली; एकत्र कधी बसली नाहीत. याचा दोष गोपाळरावांच्या माथी मारता येत नाही. त्या काळी वैद्यांनी परस्परांशी बोलण्यावरच बंधने होती, आणि ती केवळ आपल्याकडे होती असेही नाही. अमेरिकन वैद्यकीय संघाने १८४७ साली केलेल्या नीतिनियमांत, एकाच सिद्धांतावर सगळी चिकित्सा उभारणाऱ्या चिकित्सकांशी सल्लामसलत करण्यास आपल्या सभासदांना मनाई केली होती. त्यात मुख्य रोख होमिओपॅथीवर होता. १८५८ साली तर फिलाडेल्फियाच्या वैद्यमंडळाने स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकांशी व पदवीधरांशी सल्लामसलत करू नये असे ठरविले. ज्या महाविद्यालयातून आनंदीबाई पुढे बाहेर पडल्या, तेच हे महाविद्यालय. ते बंधन पुढे सुटले. परंतु रोग्यापेक्षा पंथाचा अभिमान मोठा मानण्याची ही वृत्ती विद्वानांतही कशी घर करते, हे त्यावरून दिसते. इकडे आपल्या समाजात डॉक्टरने वैद्यास अडाणी म्हणावे व वैद्याने डॉक्टरला धर्मबुडवा म्हणावे, अशी स्थिती होती. मग खाटेजवळ बसलेल्या पतीने अथवा पत्नीने करावे काय? एकाचा निरोप घेतल्यावाचून दुसऱ्यास बोलाविण्याची सोयच नव्हती.

समजा, त्या वेळी दोघे जाणते एकत्र बसते, तर आनंदीबाई वाचल्या असत्या काय? प्रामाणिक उत्तर असे की, बहुधा नाही. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला होता. पण त्याला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती आले. मधल्या सहा दशकांत विश्रांती, सकस अन्न व हवापालट यांपलीकडे कोणत्याही पंथाकडे फारसे काही नव्हते. क्ष-किरणांचा शोधही १८९५ चा. मग दुसऱ्या मताने मिळते काय? चरकाने व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व असाध्य असे भेद केले आहेत. आपल्या माणसाचे दुखणे यांपैकी कोणत्या वर्गातले, हे दोन निःपक्षपाती जाणत्यांकडून कळले, म्हणजे कुटुंबाचे डोळे उघडतात. साध्य असेल तर वेळ दवडू नये. याप्य असेल तर जन्मभर सांभाळण्याची तयारी करावी. आणि असाध्य असेल तर उरलेले दिवस प्रवासात व प्रयोगात न घालविता रोग्याच्या इच्छेप्रमाणे घालवावेत. ज्या गृहिणीला पती गेल्यावर ‘आणखी कोणाला दाखविले असते तर?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे छळतो, तिला या निश्चयाची किंमत कोणी सांगावयास नको.

आज अंतर व बंधन या दोन्ही अडचणी पुष्कळ कमी झाल्या आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमावलीप्रमाणे रोग्याने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास ७२ तासांच्या आत उपचारांचे कागद देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नमूद आहे. म्हणून आता प्रश्न उरतो तो आपल्या मनाचा. पहिल्या डॉक्टरला न सांगता, चोरून दुसऱ्याकडे जाणे म्हणजे आपणच विगृह्य संभाषा मांडणे होय. त्याऐवजी त्यांनाच विनयाने म्हणावे, ‘आणखी एका तज्ज्ञाचे मत घ्यावे असे वाटते, कागद देता का?’ जाणता डॉक्टर यात अपमान मानीत नाही. आणि जो मानतो, त्याच्याविषयी आपल्याला काही कळले, एवढा तरी लाभ होतो. दुसऱ्या डॉक्टरपुढे मात्र सर्व तपासण्या, घेतलेली सर्व औषधे, वैद्याचे काढेसुद्धा, न लपविता मांडावीत. मोठी शस्त्रक्रिया, निदानातील संशय, अथवा उपचार चालू असून उतार न पडणे, हे दुसऱ्या मताचे खरे प्रसंग. प्राण कंठाशी आला असता मात्र मते गोळा करीत बसू नये. तेथे जवळचा डॉक्टर तोच धन्वंतरी. आणि सर्वांत मुख्य, रोग्यास विचारावे. आनंदीबाईंसारख्या विदुषीस जसे आपले शरीर काय सांगते हे कळत होते, तसेच ते अशिक्षित शेतकरणीसही कळते.

भोरहून पुण्यास उपचारांसाठी जाणारी गाडी कापूरहोळवरूनच महामार्गास लागते. धाराऊचे गाव ते हेच. राजगडावरून जी मदत मिळविण्यास दिवस लागले असते, ती आज दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. वाट जवळ आली, एवढ्याने मात्र काम भागत नाही. त्या गाडीत आजारी माणसाशेजारी बसलेल्या त्याच्या जोडीदाराच्या हाती कागदांची नीट लावलेली पिशवी असावी, आणि मनात दोन्ही डॉक्टरांविषयी सारखाच विश्वास असावा. असे झाले म्हणजे चरकाने परिचारकाकडून ज्या दक्षतेची अपेक्षा केली, ती पुरी झाली असे समजावे.