तळपायांची आग आणि एका गोळीचा इतिहास

एचआयव्हीचा इतिहास आपण नेहमी विषाणूपासून सुरू करतो. आज तळपायांपासून करू. आग, मुंग्या, रात्री चादरीचाही स्पर्श नको वाटणं, आणि पुढे चप्पल पायातून कधी निसटली तेच न कळणं. हा विषाणू नसांना इजा करतो, हे १९८०च्या दशकातच डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं.

१९८७मध्ये झिडोव्हुडिन आलं. ते दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या मांड्यांतलं बळ जाऊ लागलं. उकिडवं बसलं की उठता येईना. असं का व्हावं? ही औषधं विषाणूची नक्कल उतरवण्याची क्रिया खोटं अक्षर घालून मोडतात. पण आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाही, पेशींच्या चुलीच म्हणा ना, स्वतःची नक्कल काढतात. त्याही फसतात.

१९९४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या स्टाव्हुडिनचा रोख नसांवर अधिक. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायांपर्यंत जातात, म्हणून आग तिथून सुरू.

आता गोष्ट आपल्या घराजवळ येते. २००१मध्ये मुंबईच्या सिप्लानं स्टाव्हुडिन असलेली तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली. पाश्चात्त्य देशांत तेव्हा दहा हजारांच्या आसपास खर्च होता! १ एप्रिल २००४ला सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले, त्यांतही स्टाव्हुडिन होतं. ते स्वस्त होतं, शिवाय झिडोव्हुडिनसारखं रक्त कमी करत नव्हतं. ज्यांनी ते दिलं त्यांना दोष द्यायला आम्ही तयार नाही. मरणाच्या दारातून माणसं परतली, हे विसरून कसं चालेल?

आमची तक्रार वेगळी आहे. रक्ततपासणीत पेशी वाढलेल्या दिसायच्या, वजन वाढलेलं दिसायचं. पायांची आग मात्र कोणत्याच आकड्यात दिसत नाही. आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं की वेदनेला साक्षीदार एकच. इथे त्या साक्षीदाराला विचारणं भाग होतं. ट्यूनिंग फोर्क अंगठ्याला लावून थरथर कळते का ते पाहायला काय लागतं? दोन मिनिटं. पण बाहेर रांग लागलेली असली की दोन मिनिटंही जड जातात.

श्रीमंत देशांनी हे औषध आधीच मागे टाकलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७मध्ये मात्रा ३० मिलिग्रॅमवर आणली, आणि ते टप्प्याटप्प्यानं बंद करा असं २००९च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं.

गोळी बदलल्यावरही काहींची आग आधी काही आठवडे वाढली, मग हळूहळू उतरली. काहींची पूर्ण गेलीच नाही. आणि त्यातली विषाणूची किती नि औषधाची किती, हे त्या पायांकडे पाहून कुणालाच सांगता येत नव्हतं.