पाहुण्यांच्या पायातलं कडं

१९५७ साली आजच्या कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मेली, माणसंही तापानं फणफणली. विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला आणि संशय गेला सैबेरियातून येणाऱ्या पाखरांवर. १९५९पासून सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मंडळींनी हजारो पक्षी जाळ्यात धरले, अंगावरच्या गोचिडी तपासल्या, पायात क्रमांकाचं कडं घालून सोडून दिले. हिवाळ्याच्या तोंडाशी आलेलं बदक उन्हाळ्याआधी परतायचं. कड्यावर मुंबईचं नाव असल्यानं दूरदेशाहून त्याची खबर यायची. पाहुण्यांनी रोग आणल्याचा पुरावा मिळाला नाही. रोग पसरवणारी गोचीड इथल्याच रानातली होती. संशय घेणं सोपं. पहाटे जाळी लावून खरं काय ते पाहणारी माणसं मला म्हणूनच मोठी वाटतात.